पायातले चाळ आणि हातातली पदवी

नाचात बी.ए. होता येतं काय, असा प्रश्न हल्ली आपल्या वस्त्यांतून ऐकू येतो. होता येतं. पुढे एम.ए. होता येतं, डॉक्टरेटही मिळते. मुंबई विद्यापीठाला जोडलेलं नाचाचं स्वतंत्र कॉलेज जुहूला आहे. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र निघालं, तिथं भरतनाट्यम् आणि कथक शिकवतात. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात ही सोय स्वातंत्र्यानंतर लगेच झाली. खैरागडला तर सबंध विद्यापीठच गाण्याबजावण्याचं आणि नाचाचं आहे. आपली पेणची, रोह्याची कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच जोडलेली. म्हणजे आपल्या पोरांना बी.कॉम.चा कागद देणारं आणि नाचाचा कागद देणारं विद्यापीठ एकच आहे. पण पहिल्या कागदासाठी आपली रांग लागते, दुसऱ्यासाठी लागत नाही.

का लागत नाही? पिढ्यान् पिढ्या ज्यांना नाचवलं, ज्यांच्या गळ्यात ढोल अडकवला, त्यांचीच पोरं नाचाच्या पदवीच्या दारात दिसत नाहीत, हे कसं? हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही, इतिहासाचा आहे. मी पेणला पोह्याच्या गिरणीत काम करतो. इतिहास शिकवायला मला कुणी मास्तर भेटला नाही. पाळी सुटल्यावर जे वाचलं, म्हाताऱ्यांकडून जे ऐकलं, त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

आधी आपला मुलूख बघा. भोगावतीपासून कुंडलिकेपर्यंत नाच नाही असा गाव सापडायचा नाही. गौरी-गणपतीत बायका फेर धरतात. बाप्ये जाखडी नाचतात, एका पायात चाळ बांधून, मधे ढोलकी नि झांज, भोवती नाचणाऱ्यांचा गोल. शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांवर सवाल टाकतात, रात्र कधी सरते कळत नाही. मुंबईला पोट भरायला गेलेल्या कोकणी गड्याच्या कानात बाळी असायची, म्हणून शहराच्या लोकांनी या नाचाला बाल्या नाच म्हटलं. गिरणगावातल्या चाळींच्या पुढ्यात दिवसपाळी-रातपाळी करून आलेले पाय हाच नाच नाचले. खाडीकाठचे कोळी शिमग्याला नाचतात. डोंगरपट्टीतले ठाकर, कातकरी ढोलावर नाचतात. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण गाते. रोह्याला दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, तिला पोलिसांची सलामी असते, आणि तिच्यापुढंही वाजतगाजत माणसं नाचतात.

हा नाच शिकायला कुणी फी भरली नाही. सहा वर्षांचं पोर फेराच्या शेपटाला लागतं, बाराव्या वर्षी मधे येतं. परीक्षा गावासमोर होते. चुकला त्याला गाव हसतं, जिंकला त्याला एखादा नारळ मिळतो. कागद कुणालाच मिळत नाही. पेणचा गणपती देशोदेशी जातो. मूर्तीच्या कारखान्यांची नोंद होते, किती मूर्ती परदेशी गेल्या ते पेपरात छापून येतं. त्या गणपतीपुढं नाचणाऱ्या पायांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

दप्तराचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री. १९५२ साली ते आपल्याच कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले. त्या वेळी रायगड जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, ते १९८१ साली बदललं. मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडलं, हे कौतुकानं सांगितलं जातं. त्याच १९५६ साली ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, हे कमी लोक सांगतात. या आयोगाच्या कायद्यानं पक्कं केलं, की पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाला आणि कायद्यानं तसा हक्क दिलेल्या संस्थेलाच. बाकी कुणी पदवी द्यायची नाही, 'विद्यापीठ' हा शब्दसुद्धा आपल्या नावात वापरायचा नाही.

याचा अर्थ नीट समजून घ्या. नाच कुणालाही येऊ शकतो, पण 'याला नाच येतो' असं लिहून देण्याचा हक्क मोजक्या दारांकडेच राहिला. आणि नोकरी, शिष्यवृत्ती, मास्तरकी, प्राध्यापकी सगळं त्या लिहून देण्यावर चालतं. म्हणून विचारायला पाहिजे, की विद्यापीठाच्या दारात नाच पहिल्यांदा गेला तो कुणाच्या पायांनी गेला.

त्यासाठी तंजावरला जावं लागतं. लांब वाटेल, पण तिथं राज्य मराठ्यांचं होतं, भोसल्यांचं. दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांनी नाचासाठी मराठीत रचना केल्या. त्यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू असे चार भाऊ होते. आज भरतनाट्यम् ज्या क्रमानं नाचतात, आधी अलारिप्पु आणि शेवटी तिल्लाना, तो क्रम या चौघांनी बसवला असं मानतात. हे भाऊ नट्टुवनार, म्हणजे देवदासींना नाच शिकवणाऱ्या जमातीतले. नाचणाऱ्या बाया देवळाला वाहिलेल्या. त्या वेळी या नाचाला सदिर म्हणत.

१८८० साली तंजावरच्या राजघराण्यातली मुलगी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांना दिली. लग्नात आंदण म्हणून दागदागिने आले आणि माणसंही आली. गौरा आणि कांतिमती या नाचणाऱ्या, त्यांचे नट्टुवनार, त्यांचे वाजवणारे. भांडी आंदण येतात, गाईम्हशी येतात, इथं नाच येणारी माणसं आंदण आली. बडोद्यात त्यांची नोंद 'कलावंत कारखाना' नावाच्या खात्यात झाली. कारखाना हा शब्द माझा नाही, दरबारचा आहे. गवई, तंतकार, नाचणाऱ्या या सगळ्यांचे पगार तिथं ठरलेले, नियम ठरलेले, चुकारपणाला दंड ठरलेला. गिरणीत हजेरीचं कार्ड लावणाऱ्या माणसाला हे वाचून नवल वाटत नाही. त्या बाया कामगारच होत्या.

सयाजीराव मोठा राजा, यात वाद नाही. याच राजानं १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेला शिकायला शिष्यवृत्ती दिली. गाण्याची शाळा त्यांनी १८८६ सालीच काढली होती. पुढे १९४९ साली बडोद्याला विद्यापीठ झालं, त्या जुन्या शाळेचं त्यात कॉलेज झालं, आणि नाचाची पदवी सुरू झाली. देशात अशी पदवी देणारं हे पहिलं विद्यापीठ मानतात. कांतिमतीचा मुलगा कुबेरनाथ तंजोरकर त्या विद्यापीठात नाचाचा गुरू झाला. आई आंदण आलेली आणि मुलगा विद्यापीठाचा गुरू, हे एका पिढीत घडलं. म्हणजे असं होऊ शकत होतं. नाच ज्यांचा होता त्यांनाच मास्तर करून विद्यापीठात बसवता येत होतं. पण देशभर तसं झालं नाही.

काय झालं ते बघायला १९३६ साल घ्या.

मद्रासकडे तेव्हा देवदासी प्रथेविरुद्ध मोठी चळवळ चालू होती. मुथुलक्ष्मी रेड्डी या डॉक्टर बाईंनी ती उचलून धरली होती. त्यांची स्वतःची आई देवदासी घराण्यातली. प्रथा घाण होती, ती जायलाच पाहिजे होती. आपल्या मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासींना वाहण्याविरुद्ध कायदा झाला, मद्रासला १९४७ साली. पण प्रथा जात असताना दुसऱ्या बाजूनं एक गोष्ट घडली. सदिरचं नाव भरतनाट्यम् झालं. ब्राह्मण घरातल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल पंदनल्लूरच्या मीनाक्षिसुंदरम् पिल्लै यांच्याकडे नाच शिकल्या. हे गुरू त्याच चार भावांच्या वंशातले. १९३५ च्या शेवटी रुक्मिणीदेवी लोकांपुढं नाचल्या आणि १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्र ही संस्था काढली. त्यांची मेहनत खोटी नव्हती. त्यांच्यामुळं नाच जगभर गेला हेही खरं. पण त्यांनी नाच 'शुद्ध' केला असं जे सांगतात, त्यात 'अशुद्ध' कोण ते न बोलता ठरून गेलं. बालासरस्वती या देवदासी घराण्यातल्या थोर नर्तकीनं ही शुद्धीची भाषा कधी मान्य केली नाही. तिला पुढं अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठानं शिकवायला बोलावलं. देवदासींच्या पोरींना मात्र सांगण्यात आलं, नाच सोडा. आणि सोडलेला नाच भल्या घरच्या पोरींनी उचलला, फी भरून. काही वर्षांनी त्याचाच अभ्यासक्रम झाला.

आता त्याच १९३६ च्या जून महिन्यात मुंबईला या. परळचा दामोदर हॉल. वाघ्ये, मुरळ्या, जोगतिणी, देवदासी, पोतराज असे आपले लोक जमले आणि बाबासाहेब त्यांच्यापुढं बोलले. येवल्याची धर्मांतराची घोषणा आदल्या वर्षीच झाली होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की हे लाजिरवाणं जिणं सोडा. पोट कसं भरायचं ते विचारू नका, कष्टाचं दुसरं काम करा, पण समाजात राहायचं तर हे सोडून राहा. तमाशातल्या पैशाबद्दलही बाबासाहेब असेच कडक होते. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून सत्याग्रहासाठी मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती घेतली नाही, असं जुनी माणसं सांगतात. बापूराव जन्मानं ब्राह्मण, त्यांच्या फडात नाचणारी पवळा महाराची. लेखणी कुणाची, पाय कुणाचे आणि गल्ला कुणाच्या जिवावर, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं.

वरवर बघितलं तर मद्रासचे सुधारक आणि बाबासाहेब एकच सांगत होते, नाच सोडा. पण दोन्हींत फरक आहे. मद्रासला बाईनं नाच सोडला, तो दुसऱ्यांनी घेतला, आणि बाई हात हलवत घरी गेली. इथं बाबासाहेबांनी नाच सोडा सांगताना दुसऱ्या हाताने शाळा दिली, पाटी दिली, कॉलेज दिलं. त्यांना कलेचं वावडं होतं असं कुणी म्हणू नये. उतारवयात ते व्हायोलिन शिकायला बसले. भीमराव कर्डकांचे जलसे त्यांना प्यारे होते. त्यांचा राग सक्तीवर होता. जन्मली म्हणून नाचलीच पाहिजे, महाराचा म्हणून वाजवलंच पाहिजे, यावर.

एक गोष्ट मात्र आपली आपण बोलली पाहिजे. आपल्या जलशांनी ढोलकी ठेवली, गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आणलं, सवाल-जवाबात जातीचा प्रश्न आणला. पण नाचणाऱ्या बाईला मंचावर जागा दिली नाही. बायकांची सोंगंही बाप्यांनीच काढली. त्या काळात ते समजण्यासारखं होतं, कारण गावचा पाटील तिच्याकडं कोणत्या नजरेनं बघायचा ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यामुळं झालं काय, की सनातन्यांनी तिला बाजारात ठेवलं, सुधारकांनी घरात पाठवलं आणि आपण तिला चळवळीच्या मंचाखाली ठेवलं.

दुसरं साल १९५६. १४ ऑक्टोबर. हा दिवस आपल्यातल्या शेंबड्या पोराला पाठ आहे. नागपूरला बाबासाहेबांनी धम्म घेतला आणि लाखोंना दिला. नेमक्या त्याच दिवशी खैरागडच्या राजवाड्यात इंदिरा कला संगीत विद्यापीठाचं उद्घाटन झालं. राजा-राणीनं आपल्या मुलीच्या नावानं राजवाडा दिला आणि इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. त्या दिवशी खैरागड ज्या मध्य प्रदेश राज्यात होतं, त्याची राजधानी नागपूरच होती. एकाच राज्यात एकाच दिवशी इकडं माणसं जुने देव, जुनी कामं टाकत होती आणि तिकडं गाण्यानाचण्याला विद्यापीठ मिळत होतं. यात कुणाचा कट नव्हता. तारखा जुळल्या एवढंच. पण ज्या दिवशी नाचाला पदवीची प्रतिष्ठा मिळाली, त्या दिवशी नाचणाऱ्या जातींतली माणसं अप्रतिष्ठेतून सुटायला दुसऱ्या मैदानावर उभी होती, हे खरंच आहे.

नागपूरनंतर आपल्या कोकणात काय झालं? बौद्धवाड्यांनी वाजप सोडलं. १९५८ च्या कायद्यानं महारकीची वतनं गेली. काही गावांत ढोल नेऊन चावडीपुढं ठेवले. गावानं त्याचा राग धरला, काम बंद केलं, वाट बंद केली. आमच्या म्हाताऱ्यांनी नाच सोडला तो असा, उपाशी राहून सोडला. 'यांना कलेची आवड नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग १९७२ साल आलं. मुंबईत दलित पँथर निघाली ते वर्ष. त्याच वर्षी जुहूला नालंदा नृत्य कला महाविद्यालय सुरू झालं. कनक रेळे यांनी ते काढलं. त्यांनी १९६६ साली नालंदा ही नाचाच्या संशोधनाची संस्था काढलीच होती. शिक्षणानं वकील, कष्टाला वाघीण. १९७० च्या सुमाराला त्या केरळात हिंडल्या, मोहिनीआट्टम् जाणणाऱ्या म्हाताऱ्या बाया शोधल्या आणि त्यांचा नाच फिल्मवर उतरवून घेतला. कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा, कल्याणीकुट्टी अम्मा. त्याच विषयावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. २०२३ साली त्या गेल्या. त्यांनी केलं नसतं तर त्या म्हाताऱ्यांबरोबर पुष्कळ काही मातीत गेलं असतं. नाच हा अभ्यासाचा विषय आहे, त्यात शरीराचं शास्त्र आहे, इतिहास आहे, हे विद्यापीठाच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. हे श्रेय मोकळ्या मनानं द्यावं.

पण नीट बघा. नाच कुणाचा? खेड्यातल्या म्हाताऱ्यांचा. फिल्म कुणाची? संस्थेची. पदवी कुणाची? शहराची. हे एका बाईचं पाप नाही. विद्यापीठाची रीतच अशी आहे. ज्याला लिहिता येतं त्याच्या नावावर ज्ञान चढतं. सातबाऱ्यासारखंच आहे ते. कसणारा एक, नाव दुसऱ्याचं.

आणि आपल्या महाराष्ट्रात? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. आडनावातच जात सांगणारी बाई. तमाशाची सम्राज्ञी म्हणाले तिला. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून तिचा गौरव झाला. २००२ साली ती गेली, त्या वेळी औषधपाण्याच्या पैशाला महाग होती. मग सरकारनं तिच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार काढला. यमुनाबाई वाईकर डोंबारी-कोल्हाटी समाजातल्या. लावणीसाठी १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री. पदकं मिळाली. पण जिच्यापाशी अख्खं विद्यापीठ होतं, त्या विठाबाईला कुणी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून बसवलं नाही. किशोर शांताबाई काळे याच दुनियेतून डॉक्टर झाला आणि 'कोल्हाट्याचं पोर' लिहिलं. पोराला डॉक्टरकीची पदवी मिळाली. आयुष्यभर नाचलेल्या आईच्या विद्येला कुठली पदवी नव्हती.

या शतकाच्या सुरुवातीला मुंबई विद्यापीठानं कलिन्याला लोककला अकादमी सुरू केली. तिथं लावणी, पोवाडा, गोंधळ शिकवतात. चांगली गोष्ट. पण दारं दोन झाली. एकावर 'शास्त्रीय' लिहिलंय, दुसऱ्यावर 'लोककला'. जाखडीच्या सवाल-जवाबात ताल मोजून टाकावा लागतो, कवन जागच्या जागी रचावं लागतं, पाय चुकला तर फेर मोडतो. यात शास्त्र नाही हे कुणी ठरवलं? ज्यांनी नाचून बघितलं नाही त्यांनीच.

याच काळात, २००५ साली, सरकारनं डान्स बारवर बंदी घातली. आपल्या जिल्ह्यात पनवेलकडं असे बार पुष्कळ झाले होते. तिथं नाचणाऱ्यांत नाचणाऱ्या जातींच्या, भटक्यांच्या पोरी बऱ्याच. कायद्यात गंमत अशी, की बिअर बारमध्ये नाच बंद आणि तीन तारे नि त्यावरच्या हॉटेलात चालू. म्हणजे नाच वाईट नव्हता, बघणारा गरीब असला की वाईट होता. २००६ साली मुंबई हायकोर्टानं ही बंदी रद्द केली, २०१३ साली सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं. आधार कशाचा घेतला? समानतेचा आणि आपल्या मर्जीचा धंदा करण्याच्या हक्काचा. म्हणजे बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेचा. १९३६ साली ज्यांनी 'सोडा' सांगितलं, त्यांच्याच घटनेनं २०१३ साली सांगितलं, की तिच्यावर जबरदस्ती करता येणार नाही, ना नाचायची, ना न नाचायची. काहींना यात विरोध दिसतो. मला दिसत नाही. दोन्हीकडं सक्तीलाच नकार आहे.

जगात दुसरीकडं काय झालं तेही बघू. अमेरिकेत नाचाचा पदवी अभ्यासक्रम पहिल्यांदा १९२६ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात निघाला, बायकांच्या व्यायामाच्या खात्यातून. गोऱ्या पोरींसाठीच म्हणा. पण कॅथरिन डनहॅम ही काळी मुलगी शिकागो विद्यापीठात गेली. मानववंशशास्त्र शिकली. हैतीला, जमैकाला जाऊन गुलामांच्या वंशजांचे नाच शिकली. तिची पदवी पुन्हा त्याच १९३६ सालची. तिनं त्या नाचांना मागासलेलं म्हणू दिलं नाही, त्यातून स्वतःची शिकवण्याची पद्धत बांधली आणि काळ्या नाचणाऱ्यांचा संच घेऊन जग फिरली. पर्ल प्रायमस हीसुद्धा काळी नर्तकी. तिनं १९७८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. या बाया विद्यापीठात गेल्या त्या आपला नाच बाहेर ठेवून गेल्या नाहीत.

आपल्यातही सुरुवात झाली आहे. शैलजा पाईक पुण्याच्या वस्तीत वाढल्या, अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापक झाल्या. तमाशातल्या दलित बायांवर त्यांनी २०२२ साली मोठं पुस्तक लिहिलं आणि २०२४ साली तिकडची मॅकआर्थर फेलोशिप त्यांना मिळाली. ज्या बायांची नावं घेताना लोक आवाज खाली करत होते, त्यांच्यावर आपल्याच एका बाईनं विद्यापीठात बसून लिहिलं.

आता पेण-रोह्याकडं परत येतो. आपल्या एका वस्तीत एक पोरगी आहे. बारावी झाली. भीमजयंतीला नि शाळेच्या गॅदरिंगला नाचून तिनं नाव मिळवलं. तिला नाचाची पदवी घ्यायची आहे. तिचा आजा म्हणतो, "बाय, आम्ही ढोल चावडीवर नेऊन ठेवला, तर गावानं दोन पावसाळे काम दिलं नाही. ते काय तू परत पायात चाळ बांधावे म्हणून?" ती म्हणते, "आजोबा, तुम्हाला नाचवत होते. मी शिकायला चाललेय." दोघंही खोटं बोलत नाहीत. आज्याच्या बोलण्यात १९५६ आहे. तिच्या बोलण्यात घटना आहे.

माझं मत विचाराल तर तिनं जावं. कारण सांगतो. नाच शिकायच्या वाटा तीन. एक गुरूचं घर. तिथं गुरूची मर्जी चालते, राखीव जागा नसते. दुसरी खासगी क्लास. तिथं पैसा चालतो. महिन्याची फी, पोशाख, दागिने, आणि पहिल्यांदा मंचावर चढवायचा सोहळा, ज्याचा खर्च लग्नासारखा. तिसरी वाट विद्यापीठाची. या एकाच वाटेवर कायदा आडवा येऊन म्हणू शकतो, की हिलाही आत घ्या. १९५१ च्या घटनादुरुस्तीनं शिक्षणात राखीव जागांना आधार दिला. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हापासून. ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला मिळते, कोपऱ्यावरच्या क्लासला मिळत नाही. विद्यापीठानं नाच आपल्याकडून नेला हे खरं. पण नाच जिथं जिथं शिकवतात, त्यात बाबासाहेबांचा हात पोचतो ते ठिकाण विद्यापीठच. ते दार आपण सोडून द्यायचं नाही.

पण नुसतं आत जाऊन भागणार नाही. अनेक ठिकाणी प्रवेशाला आधी नाचून दाखवा म्हणतात. दहा वर्षं क्लास केलेली पोरगी एकीकडं आणि फेरात शिकलेली पोरगी दुसरीकडं. मग जागा राखीव असून रिकामी राहते आणि 'तुमच्यातलं कुणी आलंच नाही' असं ऐकवतात. म्हणून मागणी करायची. जाखडी, लावणी, गौरीचा फेर, ठाकरांचा ढोलनाच येत असेल तर तीही तयारीच धरा. पहिलं वर्ष पायाभूत ठेवा. नाचाच्या इतिहासाच्या पेपरात भरतमुनी शिकवता, तसे कांतिमती आणि विठाबाईही शिकवा. देवदासींच्या हातून नाच कसा गेला ते शिकवा. दामोदर हॉलचं भाषण लावा. आणि ज्यांच्याकडं कागद नाही पण विद्या आहे, त्या शाहिरांना, धवलारणींना, ढोलकीवाल्यांना पगारावर मास्तर नेमा. एक दिवसाच्या कार्यक्रमाला बोलवून शाल-नारळ देऊन परत पाठवू नका. बडोद्याला कांतिमतीच्या मुलाला गुरू म्हणून बसवता आलं, तर कलिन्याला आणि जुहूला का येऊ नये?

आणि वस्तीतल्या लोकांना सांगायचं ते हे. पोरगी पदवीला गेली तर तिच्या मागं कुजबुज करू नका. मुलगा इंजिनिअर झाला की आपण बॅनर लावतो. ही पास झाली की हिचाही लावा. दिवा-रोहा गाडीत बसून ती शिकायला जाईल, तेव्हा तिच्या पिशवीत डबा असेल, वह्या असतील आणि चाळही असतील. ते चाळ गावानं बांधलेले नसतील, तिनं स्वतः विकत घेतलेले असतील. आज्याला हे समजावून सांगायला दोन संध्याकाळी लागल्या तरी बसा. त्यानं ढोल टाकला नसता, तर नातीला निवडायला काही उरलं नसतं, हे त्याला आधी सांगा. मग तिच्या फॉर्मवर त्याची सही घ्या.